जामीनकीची सही



वर्षावासातील या व्याख्यानमालेत मी आज एका साध्या सहीविषयी बोलणार आहे. आपल्या वस्तीत ज्याच्या हाती पगाराची स्लिप आहे, त्याच्याकडे कोणीतरी कर्जाचा अर्ज घेऊन येतोच. "दादा, नुसती सही पाहिजे. हप्ते मीच भरणार." नकार दिला तर 'साहेब झाला, समाजाला विसरला' हा बोल ऐकावा लागतो. म्हणून आपण न वाचताच सही करून मोकळे होतो.

मीही केली होती. मावसभावाने पतसंस्थेतून दुकानासाठी कर्ज काढले. दोन वर्षे हप्ते नियमित गेले. पुढे तो आजारी पडला, दुकान बंद झाले आणि एका महिन्यात माझाच पगार कापून आला. त्याच वर्षी मुलीची कॉलेजची फी भरायची होती. त्या सहीची गोष्ट माझ्या पत्नीला त्या दिवशी प्रथम कळली. कर्ज मी फेडले. पण भाऊ शरमेने माझ्या दारी येईनासा झाला, बुद्ध जयंतीलाही विहारात दिसेना. पैशापेक्षा हे नुकसान मोठे होते.

बंधू-भगिनींनो, जामीन राहणे म्हणजे चांगल्या वर्तणुकीचा दाखला देणे नव्हे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. 'आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या' असे म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात हे स्पष्ट केले आहे. दोन जामीनदार असले म्हणजे निम्मेच भरावे लागेल, हाही भ्रम आहे. संस्था सगळी रक्कम एकाकडूनही मागू शकते. मग त्याने दुसऱ्याकडून त्याचा वाटा मागायचा. शिवाय कर्ज थकले की जामीनदाराच्या पतनोंदीवरही डाग पडतो आणि उद्या त्याला घरासाठी कर्ज मिळणे कठीण होते.

मग मदत करूच नये काय? तसे मुळीच नाही. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी अडचणीत साथ न सोडणाऱ्यालाच खरा मित्र म्हटले आहे. आणि त्याच सुत्तात मिळकतीचे चार भाग करून एक भाग आपत्काळासाठी राखण्यासही सांगितले आहे. अनाथपिंडिकाला सांगितलेल्या गृहस्थाच्या चार सुखांत 'अनण सुख', म्हणजे ऋणमुक्तीचे सुख, एक आहे. मदत आणि मर्यादा दोन्ही धम्मातच आहेत.

म्हणून सही करण्यापूर्वी एकच प्रश्न स्वतःला विचारा : हे सगळे कर्ज उद्या मलाच फेडावे लागले, तर माझे घर उभे राहील काय? उत्तर 'नाही' असेल तर प्रेमाने, पण स्पष्ट नकार द्या. 'होय' असेल तर घरात सांगून सही करा. कोऱ्या कागदावर कधीही सही करू नका. शक्य असेल तर हमीची रक्कम मर्यादित लिहून घ्या. कराराची प्रत जवळ ठेवा आणि हप्ते भरले जातात की नाही, याची अधूनमधून चौकशी करा. स्वतः भरावे लागलेच, तर प्रत्येक पावती जपा. ती रक्कम कर्जदाराकडून मागण्याचा हक्क कलम १४५ ने दिला आहे.

कर्जदारानेही एक पथ्य पाळावे. हप्ता चुकणार असे दिसताच तोंड लपवू नये. जामीनदाराला आधी सांगावे आणि दोघांनी मिळून संस्थेकडे मुदत मागावी. माझ्या भावाने तेवढे केले असते, तर आज तो या सभेत बसलेला असता.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या शिक्षणासाठी कर्ज घ्याल तेव्हा त्यावर बहुधा तुमच्या आईवडिलांची सही असेल. पहिला पगार हाती येईल त्या दिवशी त्या सहीची आठवण ठेवा.

नमो बुद्धाय! जय भीम!