घर, वैराग्य आणि चिनी यात्रेकरू

रायगडच्या किनारपट्टीवर, राजपुरीच्या खाडीजवळ, कुडे गांवीं डोंगरांत खोदलेलीं २६ बौद्ध लेणीं आहेत. भिक्षूंच्या निवाऱ्यासाठीं तीं दिलीं कोणीं? शिलालेखांत वैद्य, माळी, लोखंडाचा व्यापारी असे प्रपंची लोक भेटतात. शिवभूति नांवाच्या लेखकानें लेणें देतांना आपल्या मातापित्यांचीं नांवें कोरविलीं आणि पत्नी नंदा हिलाही दानांत सहभागी करून घेतलें.

श्रोतेहो, घर सोडणाऱ्यांचा धर्म घर सांभाळणाऱ्यांनीं पोसावा, हें आपणांस स्वाभाविक वाटतें. चीनमध्यें मात्र त्यावरून मोठा वाद झाला. मातापित्यांची सेवा हा कन्फ्यूशियसच्या मतें सदाचाराचा पाया. देह त्यांनीं दिलेला. तेव्हां मुंडन करून संसार सोडणारा भिक्षु त्याच्या अनुयायांस कृतघ्न वाटे. ताओ पंथाचा ओढा तिसरीकडेच: निसर्गाच्या ओघाशीं एकरूप व्हावें, आणि साधल्यास चिरंजीवही व्हावें.

सोळाव्या शतकांतील ‘पश्चिमयात्रा’ या शंभर अध्यायांच्या चिनी कादंबरींत हीं तिन्ही मतें एकत्र नांदतात. ती वू चेंग-एन याची मानली जाते. तिच्यांतील यात्रेकरू म्हणजे ह्युएनत्संग. इतिहासांतील ह्युएनत्संग इ. स. ६४१ च्या सुमारास पुलकेशीच्या महाराष्ट्रांत येऊन गेला होता. कादंबरींतला सम्राट त्याच्या निरोपाच्या पेल्यांत चिमूटभर माती टाकतो. मायभूमीचा विसर पडूं नये, हा कन्फ्यूशियसच्या परंपरेचा संस्कार. यात्रेकरूच्या सोबतीला एक पराक्रमी वानर आहे. त्याच्या गुरूचें नांव बुद्धशिष्य सुभूतीचें, पण विद्या मात्र ताओ पंथाची, चिरंजीवित्वाची!

अखेर बुद्धाच्या दारीं पोंचल्यावर दक्षिणा न मिळाल्यामुळें त्याचे शिष्य यात्रेकरूंच्या हातीं कोरे ग्रंथ ठेवतात. तक्रार ऐकून बुद्ध हंसतो. कोरे ग्रंथच खरे, परंतु पूर्वेकडील लोकांस अक्षरांवांचून तें उमजत नाहीं, असा त्याचा निर्वाळा. मग सम्राटानें दिलेलें भिक्षापात्र देऊन यात्रेकरू लिहिलेले ग्रंथ मिळवितात.

प्रसंग विनोदी, पण त्यांतलें मर्म खोल आहे. शून्याचा उपदेश करणाऱ्यासही पात्र लागतें, आणि तें घरसंसार करणाऱ्याच्या हातूनच येतें. कादंबरीकारानें हें हंसत हंसत सांगितलें. शिवभूतीनें त्याच्या कितीतरी शतकें आधीं, भिक्षूच्या निवाऱ्यावर आईबापांचीं व पत्नीचें नांव कोरून, कातळांत लिहून ठेवलें होतें.