ज्याची तक्रार, त्याचे टाळ
(जिल्हा बैठकीतील भाषण)



घाबरू नका, आम्ही कीर्तन करायला उभे राहिलो नाही. गावातल्या एका मित्राबरोबर आम्ही आळंदीहून माउलींच्या पालखीत चाललो, त्यातले थोडे सांगायचे आहे.

आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. आषाढीची वारी म्हणजे ऐन पेरणीचे दिवस. आम्ही निघालो तेव्हा बियाण्याच्या थैल्या घरात आणि पाऊस आभाळात. मित्राच्या डोक्यात पंढरपूर कमी आणि वावर जास्त. आमचेही वेगळे नव्हते, खोटे कशाला बोलावे?

पुणे सोडले की सासवडच्या वाटेवर दिवे घाट लागतो. तिथे माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. मित्र थांबून पाहतच राहिला. म्हणाला, "देवाचा गाडा असला तरी चढावर एका जोडीनं निघत नाही ना भाऊ!" आम्हाला धाप लागली होती, म्हणून उत्तर दिले नाही.

दिंडीचा कारभार पाहण्यासारखा आहे. प्रत्येक दिंडीला नंबर. कोणी रथाच्या पुढे, कोणी मागे. ठरलेली जागा सोडायची नाही. खर्चाची भिशी आधी भरायची. त्यातून जेवण, तंबू, सामानाचा ट्रक.

पण माणसे आहेत, तिथे भांडण आहेच. सासवडपासून मागची एक दिंडी आमच्या रांगेत घुसू लागली. म्हातारी माणसे चेंगरायची. मित्र दिवसभर कुरकुरायचा. आमच्या कानाशी, चहाच्या टपरीवर, रात्री तंबूत. ज्याला सांगायला पाहिजे, त्याला मात्र एक शब्द नाही. हा स्वभाव तुमच्या ओळखीचा आहे की नाही? बैठकीत मुकाट बसायचे आणि पारावर जाऊन पुढाऱ्यांचा उद्धार करायचा!

शेवटी आमच्या दिंडीतले म्हातारे विणेकरी त्याला म्हणाले, "रस्त्यात बोलून काय होतं? संध्याकाळी टाळ बंद करू नको."

त्याचा अर्थ वाल्ह्याच्या मुक्कामाला कळला. पालखी तळावर आली की भोवती साऱ्या दिंड्या उभ्या राहतात. हजारो टाळ, शेकडो मृदंग, शेजारचे बोललेले ऐकू येत नाही. मग चोपदार हातातला दंड वर करतात आणि सगळे एकदम गप्प. पोलीस नाही, शिट्टी नाही. मात्र ज्या दिंडीची तक्रार असेल, तिने टाळ वाजवतच राहायचे. त्या शांततेत तेवढेच टाळ ऐकू येतात. चोपदार तिथे जातात, गाऱ्हाणे ऐकतात आणि तोड काढतात. त्यानंतर ते टाळ थांबतात. पुढे हरवले-सापडले सांगतात, उद्या निघायची वेळ पुकारतात आणि आरती होते.

त्या संध्याकाळी आमच्या दिंडीचे टाळ वाजत राहिले. मित्राचे हात कापत होते, पण थांबले नाहीत. एवढा जनसमुदाय आपल्यासाठी गप्प उभा आहे, हे त्याने जन्मात पहिल्यांदा पाहिले. चोपदार आले. दिंडीप्रमुखांनी सांगितले, मित्राने त्यात भर घातली. दोन्हीकडच्यांना समोरासमोर बोलावले. दुसऱ्या दिवसापासून मागची दिंडी मागेच राहिली.

तक्रार एका दिंडीची. पण बाकीच्यांनी आपले टाळ आवरले म्हणून ती ऐकू आली. आपल्याकडे काय होते? कापसाच्या मापाचे गाऱ्हाणे एकाने सुरू केले की दुसरा ज्वारीचा भाव काढतो, तिसरा विजेचे बिल, चौथा रस्ता. साहेब हसत ऐकतो आणि सगळ्यांना एकच चहा पाजून वाटेला लावतो.

लोणंदला घरून फोन आला. चांगला पाऊस पडला होता, दोन दिवसांत वापसा होणार होता. मित्र रडकुंडीला आला. वारी अर्धी टाकावी की पेरणी हातची जाऊ द्यावी? आम्हाला काही सांगवेना. विणेकरीच म्हणाले, "अरणचे सावता माळी मळा सोडून कुठं गेले होते? जा, पेर."

तो गेला. आम्ही पंढरपूरला पोचलो तेव्हा त्याचे कापसाचे तास उगवून आले होते. आमचे वावरही त्यानेच सावडीत पेरून ठेवले होते, आम्हाला न विचारता. बियाणे आम्ही ठरवलेले नव्हते, ते भांडण अजून मिटायचे आहे.

तो आज मागच्या रांगेत बसला आहे. त्याच्या कापसाच्या वजनात खोट आली, त्याची चिठ्ठी त्याच्या खिशात आहे. आधी तो बोलेल. बाकीच्यांनी तोवर टाळ थांबवा.