चार बादल्या टोमॅटो आणि नानांचा फोन

इअरफोन लावून बसमध्ये उभे असाल, भांडी घासत असाल, नाहीतर नुसतेच लोळत असाल, तरी चालेल. आजचा भाग टोमॅटोवर आहे. हसू नका. बाल्कनीत टोमॅटो कसे लावायचे ते मी सांगणारच आहे, अगदी बादलीला भोकं कुठे पाडायची इथपासून. पण त्याआधी मी हे का सुरू केलं ते सांगावं लागेल, कारण सुरुवात काही फार चांगली नव्हती.

मी मूळची जुन्नर तालुक्यातली. नारायणगावचा टोमॅटो बाजार ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. हंगामात तिथे जिकडे बघावं तिकडे कॅरेटच कॅरेट. एका कॅरेटमध्ये साधारण वीस किलो माल. माझे वडील, म्हणजे नाना, कित्येक वर्षं टोमॅटो करतात. आणि मी? मी पुण्यात धायरीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते, लॅपटॉपवर काम करते आणि टोमॅटो ॲपवरून मागवते.

तर २०२३ चा मे महिना. नानांचा एक एकर टोमॅटो तोडणीला आलेला आणि भाव पूर्ण पडलेला. कॅरेटला पन्नास-साठ रुपये. म्हणजे किलोला तीन रुपये धरा. तोडणीची मजुरी आणि गाडीभाडं काढलं की हातात काहीच नाही, उलट खिशातूनच घालायचे. एकरभर टोमॅटो उभा करायचा तर रोपं, मल्चिंग, ठिबक, काठ्या, तार, सुतळी, फवारण्या, सगळं धरून खर्च लाखाच्या पुढे जातो. नानांनी दोन तोडे केले आणि मग प्लॉट सोडून दिला. शेजारच्यांच्या शेळ्या आत सोडल्या.

त्या रात्री मी फोनवर त्यांना म्हणाले, "नाना, एवढा तोटा होतो तर लावता कशाला? विकून टाका ना ती जमीन."

ते काही बोलले नाहीत. "आईला देतो," एवढंच म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

त्यानंतर दीड-दोन महिन्यांत काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. जुलैमध्ये टोमॅटो शंभरी पार करून दीडशेकडे निघाला. सगळीकडे त्याचेच मीम. जुन्नरच्या शेतकऱ्यांनी कोटी कमावल्याच्या बातम्या आल्या. ऑफिसमध्ये एकजण मला म्हणाला, "काय मग, तुमची तर मजा असेल! पार्टी कधी?" मी हसले. काय सांगणार? आमचा प्लॉट शेळ्यांनी खाल्ला होता.

हे असं का होतं, ते थोडक्यात सांगते. टोमॅटो साठवता येत नाही, म्हणजे कांद्यासारखा चाळीत ठेवता येत नाही. भाव पडला की लोक प्लॉट सोडतात आणि नवीन लागवड कमी करतात. २०२३ मध्ये त्यात उन्हाळ्याची होरपळ, विषाणूरोग आणि मग पाऊस आला. माल कमी झाला, भाव चढला. चढलेला भाव बघून सगळे लावतात, पण लागवडीपासून पहिला तोडा यायला दोन-अडीच महिने जातात. तोपर्यंत सगळ्यांचा माल एकदम बाजारात. आणि झालंही तसंच, सप्टेंबरमध्ये भाव पुन्हा कोसळला.

असो. जुलैमध्ये मला राग आला होता. कुणाचा, ते नीट माहीत नाही. मी ठरवलं की विकत घ्यायचाच नाही, घरी पिकवायचा. शेतकऱ्याची मुलगी आहे, एवढं येणारच की!

नाही आलं.

मी काय केलं? स्वयंपाकघरातला एक टोमॅटो चिरला, बिया काढल्या आणि एका कुंडीत टाकल्या. भर पावसात. रोज भरपूर पाणी. रोपं आली छान, पंचवीस-तीस. आणि एका सकाळी बघते तर अर्धी आडवी झोपलेली, बुडाशी देठ कुजलेला. उरलेली दोन-तीन वाढली, पण उंचच उंच, बारीक. पानांवर डाग. ऑगस्टमध्ये सगळं उपटून टाकलं.

मग मी नानांना फोन केला. मे महिन्यापासून आमचं बोलणं म्हणजे "जेवलीस का", "हो", "पाऊस?", "पडला थोडा", एवढंच होतं. त्या दिवशी मी विचारलं, "नाना, रोपं बुडातून का कोलमडतात?"

दोन सेकंद शांतता. मग म्हणाले, "पाणी किती देतेस?"

आणि त्या दिवशी आम्ही वीस मिनिटं बोललो. टोमॅटोवर.

आता पुढे जे सांगणार आहे ते सगळं त्या आणि त्यानंतरच्या फोनमधलं. लिहून घ्या.

पहिलं, वेळ. पावसाळ्यात नवख्या माणसाने कुंडीतला टोमॅटो करू नये. सप्टेंबरअखेर बी टाका, ऑक्टोबरअखेर रोप बादलीत लावा. थंडीत झाड खूश असतं. कडक उन्हाळ्यात पारा पस्तिशीच्या वर गेला आणि रात्रीही उकडत राहिलं की फुलं गळतात, फळ धरत नाही.

दुसरं, बी. दुकानातला टोमॅटो बहुतेक वेळा संकरित असतो. त्याच्या बियांपासून तसंच झाड येईल याची खात्री नाही. पाकिटातलं बी घ्या. विषाणूरोगाला तोंड देणाऱ्या जाती मिळतात. उदाहरणार्थ, बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची 'अर्का रक्षक'. चेरी टोमॅटोही बाल्कनीत छान येतो. बी अर्धा सेंटिमीटर खोल पेरा, त्याहून खोल नको. आठवड्याभरात उगवतं.

तिसरं, भांडं. छोट्या शोभेच्या कुंडीत टोमॅटो होत नाही. मी रंगाच्या वीस लिटरच्या रिकाम्या बादल्या घेतल्या, रंगकाम करणाऱ्याकडून, पन्नास रुपयाला एक. स्वच्छ धुतल्या, बुडाला पाच-सहा भोकं पाडली. एका बादलीत एकच झाड. दोन लावायचा मोह होतो, लावू नका. आणि खाली ताट ठेवा! माझ्या बादलीचं पाणी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साडीवर गेलं होतं. त्या प्रकरणावर वेगळा भाग होईल.

चौथं, माती. नुसती माती बादलीत दगडासारखी घट्ट होते. मी अर्ध्याला थोडी कमी माती घेतली, उरलेल्यात निम्मं कोकोपीट आणि निम्मं गांडूळखत, वर एक मूठ निंबोळी पेंड. इथे मी एक चूक केली. एका बादलीत उत्साहाने खत जास्त टाकलं. ते झाड असं वाढलं की बघत राहावं. गर्द हिरवं, जाड देठ. फुलं मात्र नाहीत. व्हिडिओ कॉलवर नाना बघून म्हणाले, "माजलंय ते. नुसता पाला करणार." नत्र जास्त झालं की असं होतं.

पाचवं, लावणी. रोप पंचवीस-तीस दिवसांचं झालं की लावायचं. खालची पानं काढायची आणि देठ खोल गाडायचा. टोमॅटोच्या देठाला मातीत नवी मुळं फुटतात. माझं जुलैतलं ते लांबुळकं रोप असं गाडलं असतं तर कदाचित वाचलंही असतं. लावतानाच काठी रोवा, नंतर रोवली तर मुळं तुटतात. सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी बांधा, एक वेढा काठीला, एक देठाला, आणि सैल.

सहावं, बगलफूट. पान आणि मुख्य देठ यांच्या बेचक्यात जी फूट येते ती. उंच वेलीसारख्या वाढणाऱ्या जातीची बगलफूट नखाने खुडायची. बुटक्या, झुडपासारख्या जातीची फार खुडू नका, तिथेच तर फळ येतं. पाकिटावर जात कोणती ते बघून घ्या.

सातवं, फुलं. टोमॅटोच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात. त्याला फक्त हलवणारं कुणीतरी लागतं, वारा किंवा मधमाशी. बंद बाल्कनीत दोन्ही कमी. सकाळी दहाच्या सुमारास फुलांच्या घोसाला टिचकी मारा. काही लोक इलेक्ट्रिक टूथब्रश टेकवतात, त्याच्या थरथरीने पराग पडतो. मी टिचकीच मारते.

आठवं, रोग-किडी. पांढरी माशी पानाच्या खालच्या बाजूला बसते आणि विषाणू पसरवते. पानं वाटीसारखी वळतात, झाड खुजं राहतं. त्यावर औषध नाही. पिवळे चिकट सापळे लावा, सुरुवातीपासून लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि दोन थेंब साबण घालून संध्याकाळी फवारा. तरी झाड गेलंच तर उपटा. माझ्या चार झाडांतलं एक असंच गेलं. मी ते ठेवू पाहत होते, जीव होईना उपटायला. नाना म्हणाले, "एकाच्या मायेपायी तिघांना घालवशील."

आणि नववं, सगळ्यात महत्त्वाचं. पाणी.

डिसेंबरमध्ये फळं धरली, लिंबाएवढी झाली. एका शनिवार-रविवारी मी मैत्रिणीच्या लग्नाला नागपूरला गेले. तीन दिवस पाणी नाही. परत आल्यावर घाबरून दोन तांबे ओतले. आठवड्याने बघते तर फळांची बुडं काळी, चामड्यासारखी. मला वाटलं कीड आहे. नानांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन, "पाण्याची पाळी चुकवलीस."

हा रोग नाहीच. झाडाला कॅल्शियम पाण्याबरोबर मिळतं. पाणी कधी कोरडं ठक्क, कधी एकदम भरमसाठ असं झालं की ते फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही आणि बूड काळं पडतं. काळी फळं काढून टाकायची, पाणी नियमित करायचं, पुढची फळं चांगली येतात. बोट मातीत दोन पेरं घालून बघा, कोरडं लागलं तर द्या. सकाळी द्या, बुडाशी द्या, पानांवर नको.

जानेवारीत नाना पुण्याला आले, डोळे तपासायला. बाल्कनीत गेले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. चष्मा वर करून पानं उलटी करून बघितली. दोन बगलफुटी माझ्या नजरेतून सुटल्या होत्या, त्या नखाने खुडल्या. एक फळ बुडाशी नुकतं गुलाबी व्हायला लागलं होतं. म्हणाले, "हा तोडून घरात ठेव, पिकतो. फ्रिजमध्ये टाकू नको." मग मातीत बोट घालून म्हणाले, "पाणी बरोबर देतेस आता."

आमच्या घरात ही शाबासकी असते बरं का.

आता हिशेब सांगते, कारण इंटरनेटवर कुणी सांगत नाही. तीन झाडांनी मार्चपर्यंत साडेसहा किलो टोमॅटो दिले. बादल्या, माती, खत, बी, तेल, काठ्या मिळून माझे दीड हजार रुपये गेले. म्हणजे किलोला दोनशे तीसच्या आसपास! जुलैच्या भावापेक्षाही महाग. पुढच्या वर्षी बादल्या आणि काठ्या तयार होत्या, त्यामुळे खर्च बराच कमी झाला, पण पैसे वाचवायला टोमॅटो लावू नका. मी हा हिशेब नानांना सांगितला तर इतके हसले की आई आतून विचारायला आली काय झालं.

मग म्हणाले, "तुझा माल दोनशे तीसचा आणि माझा तीनचा. आपण दोघंबी तोट्यातच."

तीन झाडं सांभाळताना मला नागपूरचं लग्न महागात पडलं. त्यांची एकरात हजारो झाडं असतात. तीन दिवस सुट्टी घेऊन ते कुठे गेल्याचं मला आठवत नाही.

मे महिन्यातल्या त्या वाक्याबद्दल मी नानांची माफी मागितलेली नाही. विषय निघाला नाही, मी काढला नाही, त्यांनीही नाही. हा भाग आई त्यांना मोबाईलवर लावून देणार आहे. तर नाना, चुकलं माझं. जमीन विकायचं बोलायला नको होतं. या वर्षी किती टोमॅटो लावायचा ते तुमचं तुम्ही ठरवा, फक्त मला फोन करून सांगा.

आणि मंडळी, तुमच्यासाठी: सप्टेंबर संपत आलाय. आज रात्री झोपण्याआधी बाल्कनीत किती तास ऊन येतं त्याचा विचार करा. सहा तास हवं. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कलतो, म्हणून दक्षिणेची बाल्कनी असेल तर उत्तम. ऊन असेल तर उद्या बी आणा. एकच बादली लावा. काळं बूड दिसलं, पानं वळली, फुलं गळली तर फोटो पाठवा. मी बघेन. मला नाही कळलं तर नानांना विचारेन.

भेटू पुढच्या भागात. तोवर खाली ताट ठेवायला विसरू नका!