नाव घातलेली तार

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला एखाद्या सभासदाने आपल्या कामाविषयी चार शब्द बोलावेत, असा आपल्या मंडळाचा शिरस्ता आहे. या वर्षी चिटणीसबाईंनी ती कामगिरी माझ्यावर सोपवली. पाककृती, भरतकाम, बालसंगोपन यांवर अधिकाराने बोलणाऱ्या आपल्यात पुष्कळजणी आहेत. माझा विषय त्यामानाने रुक्ष वाटेल. मी एकवीस वर्षे विजेची कंट्रोल पॅनेल तयार करणाऱ्या कारखान्यात वायरिंगच्या टेबलावर काम केले. त्या कामाचा एक मोठा भाग म्हणजे तारांना नावे घालणे. त्याविषयीच आज बोलणार आहे, कारण ते काम कारखान्याइतकेच आपल्या घरातही हवे आहे, असे मला अलीकडे फार वाटू लागले आहे.

नावे घालणे आपल्याला नवे नाही. लग्नात मिळालेल्या पातेल्यावर आपण नाव घालून घेतो. हळदीकुंकवाला दहा घरची ताटे एकत्र आली, तरी संध्याकाळी ज्याचे ताट त्याच्या घरी बिनचूक जाते, ते त्या नावामुळेच. परीट कपड्याच्या कोपऱ्यात खूण करतो. मुंबईचे डबेवाले डब्याच्या झाकणावर अक्षरे, अंक आणि रंग यांची खूण करतात आणि त्या खुणेवर डबा अनेक हातांतून फिरून योग्य माणसापुढे येतो. जिथे एकसारख्या दिसणाऱ्या वस्तू पुष्कळ असतात आणि हाताळणारे हातही पुष्कळ असतात, तिथे नाव घालावेच लागते. विजेच्या तारांची गोष्ट याहून वेगळी नाही. फरक एवढाच, की ताट चुकले तर फार तर शेजारणीकडे जाईल. तार चुकली तर माणूस जाईल.

आमच्या टेबलावर एका पॅनेलमध्ये तीन-चारशे तारा सहज असत. प्रत्येक तारेला नकाशात एक क्रमांक असे. तो क्रमांक छापलेली प्लास्टिकची बारीक कडी तारेच्या दोन्ही टोकांना चढवायची. या कड्यांना आमच्याकडे फेरूल म्हणतात. दोन्ही टोकांना, हे महत्त्वाचे. एकाच टोकाला नाव असलेली तार म्हणजे पाठवणाऱ्याचे नाव लिहिलेले आणि घेणाऱ्याचे नाव नसलेले पाकीट.

कामाचा क्रमही ठरलेला असतो. तार मापाने कापायची, टोकाचे आवरण सोलायचे, फेरूल चढवायची, आणि मगच टोकाला धातूचे लग दाबून बसवायचे. लग बसले की त्यावरून फेरूल जात नाही. गाठ मारल्यावर मणी ओवता येत नाही, तसेच हे. नवीन आलेल्या मुलींना मी हे मण्यांचेच उदाहरण देत असे आणि त्यांना ते लगेच पटे.

फेरूलवरचे अंक कोणत्या दिशेने वाचायचे, तेही आधी ठरवावे लागते. इंग्रजी सहाचा अंक उलटा धरला की नऊ होतो. अडुसष्ट उलटा केला की एकोणनव्वद होतो! म्हणून सगळ्या फेरूल एकाच दिशेने वाचता येतील अशा बसवतात आणि सहा व नऊ यांच्या खाली रेघ ओढतात.

कनेक्टरचे काम याहून नाजूक. कनेक्टर म्हणजे पुष्कळ तारा एकदम जोडता-सोडता याव्यात म्हणून केलेली जोडी. एकात खिळे, दुसऱ्यात त्यांची भोके. त्यातला एकेक संपर्क, म्हणजे खिळा, कधी कधी तांदळाच्या दाण्याएवढा असतो. त्यावर काय लिहिणार? म्हणून नाव तारेवर घालायचे आणि घराचा क्रमांक कनेक्टरच्या अंगावर कोरलेला असतो, तो पाहून खिळा आत सारायचा. अनेक कनेक्टरांत अंकांऐवजी इंग्रजी अक्षरे असतात, आणि त्यांतून आय, ओ आणि क्यू ही अक्षरे मुद्दाम गाळलेली असतात. आय एकासारखा दिसतो, ओ आणि क्यू शून्यासारखे. खिळा बसल्यावर बारीकसा टक् आवाज येतो. मग तार हलकेच ओढून पाहायची, आणि शेवटी दोन्ही टोकांना घंटी लावून खात्री करायची, की नाव एक आणि तारही तीच आहे.

विमानाच्या तारांना तर शेंड्यापासून बुडख्यापर्यंत नाव घालतात. अमेरिकेच्या विमान खात्याच्या मार्गदर्शिकेत सांगितले आहे, की खूण तारेच्या दोन्ही टोकांना तर हवीच, शिवाय मधेही जास्तीत जास्त १५ इंचांच्या अंतराने हवी. विमान दुरुस्त करणाऱ्याला एका झरोक्यातून तारेचा वीतभर भागच दिसतो. तेवढ्यावरून ती कोण, हे त्याला कळले पाहिजे.

आपण म्हणाल, एवढे कशासाठी? रंग असतातच की. रंग उपयोगी आहेत, पण रंगावर किती विसंबायचे ते सांगते. आपल्याकडच्या घरांत रूढ पद्धत अशी, की लाल तार फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची. तीन फेज असतील तर लाल, पिवळी आणि निळी. म्हणजे भिंतीतली निळी तार जिवंत. आता आपल्या इस्त्रीची किंवा मिक्सरची दोरी पाहा. तिच्यात बहुधा तपकिरी तार फेजची आणि निळी न्यूट्रलची असते. एकाच घरात निळ्याचे दोन अर्थ झाले! इंग्लंडात हाच पेच साऱ्या देशापुढे उभा राहिला होता. तिथे २००४ साली घरांच्या वायरिंगचे रंग बदलायला सुरुवात झाली आणि १ एप्रिल २००६ पासून नव्या कामाला नवे रंग सक्तीचे झाले. जुन्या पद्धतीत काळी तार न्यूट्रलची होती. तीन फेजच्या नव्या पद्धतीत ती एका फेजची झाली. जुनी निळी फेज होती, नवी निळी न्यूट्रल झाली. ज्या घरात जुने आणि नवे दोन्ही रंग आहेत, तिथे बोर्डावर तशी सावधानतेची पाटी लावायचा नियम त्यांना करावा लागला. रंग नुसता घराणे सांगतो. माणूस ओळखायला नाव लागते.

दोन तारांची अदलाबदल म्हणजे काय, याचे एक मोठे उदाहरण सांगते. नोव्हेंबर २०२० मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामधून युरोपचे व्हेगा नावाचे रॉकेट उडाले. त्यावर स्पेनचा एक आणि फ्रान्सचा एक असे दोन उपग्रह होते. पहिले तीन टप्पे नीट पार पडले. चौथ्या टप्प्याचे इंजिन पेटले आणि रॉकेट भरकटले. उड्डाणानंतर सुमारे आठ मिनिटांत सारे संपले. चौकशीत आढळले, की इंजिनाचे तोंड वळवणाऱ्या यंत्रणेच्या केबली जोडताना उलटसुलट झाल्या होत्या. एकाला दिलेला हुकूम दुसऱ्याला पोचत होता. विद्वानांनी वर्षानुवर्षे केलेले काम दोन केबलींच्या जागा बदलल्याने समुद्राला मिळाले. हे वाचले तेव्हा मला आमच्या टेबलावरच्या मुली आठवल्या. त्यांचे काम लोक 'बायकांचे हलके काम' म्हणत. त्यात हलके काय होते, ते मला अजून उमगलेले नाही.

पण रॉकेट आपल्यापासून दूर आहे. आपल्या गल्लीतली गोष्ट जवळची आहे, म्हणून ती सांगितल्यावाचून राहवत नाही. गेल्या पावसाळ्यात एका घरी पंख्याचा रेग्युलेटर बदलायला एक तरुण वायरमन आला होता. घरच्या बाईंनी समजून-उमजून मेन स्विच बंद केला. तो स्टुलावर चढला, पेटी उघडली आणि तारेला हात लावताच फेकला गेला. मनगट मोडले, जीव वाचला, हे त्याच्या आईचे भाग्य. मेन बंद असताना वीज आली कुठून? इन्व्हर्टरमधून. मेन पडला, की इन्व्हर्टर आपले काम इमानाने सुरू करतो. त्याला काय ठाऊक, की वीज गेलेली नाही, मुद्दाम घालवली आहे! पेटीतल्या सगळ्या तारा लाल होत्या. कोणती मेनची आणि कोणती इन्व्हर्टरची, ते एकीवरही लिहिलेले नव्हते. मागे ज्याने इन्व्हर्टर जोडला, त्याला सगळे तोंडपाठ होते म्हणे. असेल, पण तो गाव सोडून गेला आणि पाठांतरही त्याच्याबरोबर गेले.

भगिनींनो, माझे सगळे सांगणे या एका गोष्टीत आले. नाव घालणाऱ्याला त्या नावाची गरज कधीच नसते. गरज असते ती मागून येणाऱ्याला, ज्याला आपण पाहिलेलेही नाही. म्हणून 'मला पाठ आहे' हे उत्तर कारागिराकडून ऐकून घेऊ नये.

आपण काय करावे? पेटी उघडून तारांना हात लावणे हे परवानाधारक वायरमनचे काम; ते आपण मुळीच करू नये. पण बाहेरचे काम आपले. एका दुपारी घरातले दिवे-पंखे लावून ठेवा आणि बोर्डावरचा एकेक खटका खाली करून कुठले काय बंद होते ते पाहा. एकीने खटका पाडायचा, दुसरीने खोल्यांतून फिरून ओरडून सांगायचे. मुलांना हे काम फार आवडते. मग प्रत्येक खटक्यापाशी चिठ्ठी लावा: स्वयंपाकघर, गिझर, पाण्याचा पंप. चिठ्ठी मराठीत, ठसठशीत, आणि न पुसणाऱ्या शाईने. खाली तारीख घाला. इन्व्हर्टर असेल तर लाल अक्षरांत लिहा, 'मेन बंद केला तरी घरात इन्व्हर्टरची वीज असते'. आणि पुढच्या वेळी वायरमन येईल तेव्हा चहाबरोबर त्याला सांगा, की बाबा, हात लावण्यापूर्वी इन्व्हर्टरही बंद कर, टेस्टर लावून पाहा, आणि जी तार जोडशील तिच्या दोन्ही टोकांना नाव घालून जा.

एक इशारा मात्र देते. चिठ्ठी म्हणजे साक्षीदार, निकाल नव्हे. चिठ्ठीवर 'बंद' लिहिले, तरी टेस्टर लावल्याशिवाय तार मेली असे कोणी समजू नये. वायरिंग बदलले आणि चिठ्ठी तशीच राहिली, तर ती खोटी साक्ष देते. नाव नसलेल्या तारेला माणूस भितो. चुकीच्या नावाच्या तारेवर विश्वास ठेवतो. म्हणून काही बदल झाला, की जुनी चिठ्ठी त्याच दिवशी काढा.

आपल्या मंडळाच्या सभागृहातल्या बोर्डावर आज नऊ खटके आहेत आणि एकावरही नाव नाही. स्टेजवरचा दिवा हवा असला की आपण नऊच्या नऊ दाबतो आणि हसतो. पुढच्या रविवारी दुपारी चार वाजता मी चिठ्ठ्या आणि शाईची पेने घेऊन येणार आहे. ज्यांना सवड असेल त्यांनी यावे. खोल्यांतून ओरडायला दोघी-तिघी लागतील. ते झाले, की ज्यांच्या घरी हवे असेल त्यांच्या घरीही मी येईन.