रुग्णशय्येवरील ज्येष्ठांचे मन

(रुग्णसेवा कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचे शब्दांकन)



घरातील वडीलधारे माणूस रुग्णालयात दाखल झाले की कुटुंबाचे सारे लक्ष रक्तदाब, साखर आणि बिलाच्या आकड्यांवर खिळते. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळू लागले. त्यामुळे काही घरांतील आर्थिक चिंता हलकी झाली. खाटेवरील माणसाच्या मनाचा प्रश्न मात्र कोणत्याही कार्डाने सुटत नाही.

दाखल होताच पहिल्या तासाभरात काय घडते, ते पाहावे. अंगावरचे कपडे जाऊन रुग्णालयाचा झगा येतो. चष्मा, कवळी, श्रवणयंत्र 'हरवायला नको' म्हणून पिशवीतून घरी जाते. मनगटावरचे घड्याळ, गळ्यातील तुळशीची माळ काढली जाते. अतिदक्षता विभागात बहुधा खिडकी नसते आणि दिवे रात्रभर जळत असतात. आयुष्यभर पहाटे उठून स्नानसंध्या करणारा माणूस लघवीसाठीही दुसऱ्याला हाक मारून वाट पाहतो. दोन दिवसांत तो असंबद्ध बोलू लागतो, नळ्या ओढतो, सख्ख्या मुलालाही ओळखत नाही. 'म्हातारचळ लागला' असे म्हणून घरचे मोकळे होतात. रात्री त्याचे हात खाटेला बांधले जातात.

वैद्यकशास्त्र याला डिलिरियम म्हणते. हे वेड नव्हे आणि स्मृतिभ्रंशही नव्हे. स्मृतिभ्रंश बहुधा महिन्या-वर्षांनी वाढत जातो. डिलिरियम तासा-दिवसांत येतो आणि एकाच दिवसात कमी-अधिक होत राहतो. जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी घटणे, लघवी तुंबणे, झोपेच्या काही गोळ्या अशी त्याची कारणे शोधून दूर करता येतात. त्याचा एक मूक प्रकारही आहे. असा रुग्ण ओरडत नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहतो, घास नाकारतो. 'आता शांत आहेत' म्हणून नातेवाईक निःश्वास टाकतात, आणि नेमका हाच प्रकार नजरेतून निसटतो. निदान करणे डॉक्टरांचे काम. पण 'हे मूळचे असे नाहीत' हे सांगणे घरच्यांचेच काम, कारण मूळचा माणूस डॉक्टरांनी पाहिलेला नसतो.

अमेरिकेतील न्यू हेवन येथे डॉ. शॅरन इनोये व त्यांच्या सहकाऱ्यांनी ७० वर्षे व त्यावरील ८५२ रुग्णांचा केलेला अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात नवे औषध काहीच नव्हते. फळ्यावर दिवसाचा कार्यक्रम लिहिणे, रुग्णाशी चालू घडामोडींवर बोलणे, त्याला उठवून चालवणे, चष्मा व श्रवणयंत्र हाताशी ठेवणे, पुरेसे पाणी पाजणे, आणि रात्री झोपेच्या गोळीऐवजी गरम दूध, संगीत व पाठीला मालिश. नेहमीच्या उपचारांत १५ टक्के रुग्णांना डिलिरियम झाला. या गटात ९.९ टक्के. एकदा भ्रम जडल्यावर मात्र या उपायांनी त्याची तीव्रता विशेष घटली नाही. म्हणजे जे करायचे ते पहिल्या दिवसापासून. या कामाचा मोठा भाग प्रशिक्षित स्वयंसेवकांनी उचलला होता. एकत्र कुटुंबाचा अभिमान मिरवणाऱ्या आणि पाश्चात्त्यांच्या कोरडेपणावर व्याख्याने देणाऱ्या आपल्या समाजाने येथे क्षणभर थांबावे.

रुग्णसेवेची परंपरा आपल्याकडे नाही, असे मुळीच नव्हे. परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन बाहेरगावच्या रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आधार देत आले आहे. उणीव आहे ती खाटेपाशी. आपली भेट कशी असते? पाच जण एकदम येतात, शहाळे ठेवतात, आजाराची चर्चा रुग्णाच्या डोक्यावरून आपसांत करतात आणि निघून जातात. शस्त्रक्रिया करायची की नाही हे तर दाराबाहेरच ठरते. ज्याच्या देहावर ती व्हायची, त्याला शेवटी कळते.

त्याऐवजी एकाच कार्यकर्त्याने रोज ठरावीक वेळी अर्धा तास जावे. वार, तिथी, गाव सहज बोलण्यात आणावे. वर्तमानपत्र वाचून दाखवावे, त्यावर त्यांचे मत विचारावे आणि ते पूर्ण ऐकावे. परिचारिकेला विचारून पाणी द्यावे, खुर्चीत बसवावे, चार पावले चालवावे. आणि पिशवीतून घरी गेलेले श्रवणयंत्र त्याच संध्याकाळी परत आणावे. आणताना त्याची बॅटरी तपासून घ्यावी.