अणू, सोने आणि विद्यार्थ्यांच्या चिठ्ठ्या
(मंगरूळपीर येथील वार्षिक संमेलनात, विद्यार्थी गुणगौरव प्रसंगी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गुणगौरवाच्या प्रसंगी आम्ही चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही एक अट घातली. उपदेश आम्ही करणार नाही. तो या मंडपात दरवर्षी पुष्कळ होतो. त्याऐवजी विद्यार्थ्यांनी अणूविषयी मनात येणारे प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यावेत आणि आम्ही त्यांची यथाशक्ति उत्तरे द्यावीत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. भौतिकशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याची आमची योग्यता नाही. परंतु पस्तीस वर्षे वर्गात उभे राहिल्यामुळे एक गोष्ट आम्हांस ठाऊक आहे. "हे परीक्षेत येत नाही, खाली बस" असे ज्या प्रश्नास उत्तर मिळते, तोच प्रश्न बहुधा विचारण्यासारखा असतो. त्यानंतर मूल दुसरा प्रश्न विचारीत नाही, आणि हे नुकसान कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाही.

चिठ्ठ्या बऱ्याच आल्या. सर्व आज घेता येणार नाहीत.

पहिली चिठ्ठी अशी: "अणू आमच्या कणाद ऋषींनी शोधला हे खरे काय?" कणादांच्या वैशेषिक दर्शनात परमाणूचा विचार आहे, यात शंका नाही. कवडशात तरंगणारा धुळीचा कण म्हणजे त्रसरेणू, आणि तो सहा परमाणूंचा, अशी त्या परंपरेची मांडणी आहे. पदार्थ भागत भागत गेलो तर कोठे तरी थांबावेच लागेल, हा तर्क थोर खराच. परंतु कवडशातील कणात प्रत्यक्षात अणू लक्षावधी कोटी असतात. तर्काने दिशा दाखविली, मोजमाप प्रयोगाने केले. दोहोंचा मान वेगवेगळा ठेवावा, म्हणजे अभिमानही टिकतो आणि सत्यही.

अणू किती लहान, हे आपल्याच तराजूवर पाहू. बारा मासे म्हणजे तोळा, आठ गुंजा म्हणजे मासा. एका गुंजेचे वजन १ ग्रॅमचा सुमारे आठवा भाग. एवढ्या सोन्यात अणू किती? सुमारे ३७ लक्ष कोटी कोटी. 'कोटी' हा शब्द आम्ही चुकून दोनदा उच्चारलेला नाही. सोन्याचा वरख ठोकून ठोकून १ ग्रॅमचा १ चौरस मीटर पसरविला, तरी त्याच्या जाडीत दोनशेच्या आसपास अणूंचे थर राहतातच.

आता सोन्याच्याच पत्र्याने अणूचे पोट कसे उघडले ते ऐका. इंग्लंडात मँचेस्टर येथे १९०९ मध्ये रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत गायगर आणि मार्सडेन या दोघांनी अत्यंत पातळ सोन्याच्या पत्र्यावर अल्फा कणांचा मारा केला. बहुतेक कण, पत्रा जणू नाहीच असे समजून, आरपार गेले. परंतु सुमारे वीस हजारांत एखादा कण काटकोनात वळला, क्वचित माघारीही फिरला. यावरून १९११ मध्ये रदरफर्ड यांनी अनुमान काढले की अणूचे जवळजवळ सर्व वजन मध्यभागी एका अतिसूक्ष्म केंद्रकात साठलेले आहे आणि बाकी जागा इलेक्ट्रॉनांची. सोन्याचे केंद्रक ज्वारीच्या दाण्याएवढे धरले, तर अणूचा घेर ऐंशी मीटर रुंदीच्या मैदानाएवढा होईल. सोनेच का घेतले? इतका पातळ पत्रा दुसऱ्या धातूचा सहज होत नाही म्हणून. हा गुण आपल्या पूर्वजांच्या हातांस शेकडो वर्षे ठाऊक होता.

यावर एका मुलाने लगेच विचारले आहे: "अणू आतून इतका पोकळ, तर हातोडी ऐरणीतून आरपार का जात नाही?" प्रश्न उत्तम आहे. 'पोकळ' या शब्दाने आपली फसगत होते. ते मैदान मोकळे पडलेले नसून इलेक्ट्रॉनांनी व्यापलेले आहे. एका स्थितीत एकच इलेक्ट्रॉन राहू शकतो, हा नियम पाउली यांनी १९२५ मध्ये सांगितला. हातोडीचे इलेक्ट्रॉन ऐरणीच्या इलेक्ट्रॉनांच्या जागेत शिरू पाहतात, तेव्हा त्यांना तेथे घर मिळत नाही. शिवाय ऋण भार ऋण भारास दूर लोटतो. आपण ज्यास घट्टपणा म्हणतो तो हाच अटकाव होय.

दुसरा नेहमीचा प्रश्न: धन केंद्रक ऋण इलेक्ट्रॉनास ओढते, मग इलेक्ट्रॉन त्यावर कोसळत का नाही? पुस्तकात सूर्याभोवती ग्रह फिरावेत तसे चित्र असते, त्यामुळे हा घोटाळा वाढतो. ग्रहाप्रमाणे खरोखर फिरता, तर इलेक्ट्रॉन प्रकाश टाकीत टाकीत निमिषमात्रात केंद्रकात पडला असता. बोर यांनी १९१३ मध्ये सांगितले की इलेक्ट्रॉनास ठराविकच पायऱ्या आहेत. तसे का, हे १९२४ मध्ये डी ब्रॉग्ली यांच्या विचाराने उमगू लागले. इलेक्ट्रॉन हा लाटेसारखाही वागतो. तंबोऱ्याची तार दोन्ही टोकांस बांधलेली असते. तिच्यावर नेमकी बसतील अशीच आंदोलने टिकतात, आणि तिचा जो सर्वांत खालचा स्वर, त्याच्या खाली ती तार बोलतच नाही. अणूतील इलेक्ट्रॉनाचेही असेच. सर्वांत खालच्या पायरीखाली दुसरी पायरी नाही, म्हणून तो तेथे राहतो. उपमा उपमाच असते. परंतु ग्रहांच्या चित्रापेक्षा ही तार सत्याच्या अधिक जवळ आहे.

आता ज्या चिठ्ठीने आम्हांस सर्वांत आनंद दिला तिच्याकडे वळतो. आठवीतील एका मुलीने लिहिले आहे: "सोने पिवळे का? चांदीसारखे पांढरे का नाही?" सभेतील किती सोनारांनी हा प्रश्न स्वतःस विचारला असेल? आपण तांबे घालून सोन्यास लाली आणतो, चांदी घालून फिके करतो. मूळ पिवळेपण मात्र गृहीत धरतो. त्याचे उत्तर आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतावादात आहे, हे ऐकून आपणांस नवल वाटेल. सोन्याच्या केंद्रकात ७९ प्रोटॉन असतात. एवढ्या प्रबळ ओढीमुळे सर्वांत आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून अधिक, सुमारे ५८ टक्के वेगाने वावरतात. इतक्या वेगात त्यांचे वस्तुमान पाचव्या हिश्श्याहून थोडे अधिक वाढल्यासारखे होते आणि त्यांची कक्षा आत ओढली जाते. याचा परिणाम बाहेरच्या इलेक्ट्रॉनांपर्यंत पोहोचतो आणि त्यांच्या दोन पायऱ्यांतील अंतर कमी होते. चांदीत हे अंतर मोठे असल्यामुळे केवळ डोळ्यांस न दिसणारे अतिनील किरण शोषले जातात, दिसणारा सर्व प्रकाश परततो आणि चांदी पांढरी दिसते. सोन्यात अंतर घटल्याने निळा प्रकाश शोषला जातो. उरलेला पिवळा-तांबूस तेवढा आपल्या डोळ्यांकडे येतो. सोन्याचा शेजारी पारा, त्याचा क्रमांक ८०. तो सामान्य तापमानास पातळ राहतो, त्यासही मुख्यतः हेच कारण आहे. बागेसरीसमोर बसून जो रंग आपण रोज पाहतो, तो वेगाचा रंग आहे.

पाऱ्याचे नाव निघाले म्हणून पुढची चिठ्ठी: "पाऱ्याचे किंवा शिशाचे सोने होते काय?" येथे आम्ही थोडे थांबणार आहोत, कारण हा प्रश्न केवळ ज्ञानाचा नाही. दागिना दुप्पट करून देतो, पितळेचे सोने करून देतो, असे सांगणारे भोंदू आजही गावोगाव हिंडतात. आमच्या नात्यातील एका घरची दोन वर्षांची कमाई अशाच एकाने नेली. आणि ते घर सोनाराचे होते, हे विशेष. त्या घरातील मुलगा त्या वर्षी कॉलेजास जाणार होता. तो गेला नाही.

तर उत्तर नीट ऐका. मूस, तेजाब, जडीबुटी, मंत्र यांपैकी कशानेही केंद्रकास धक्का लागत नाही. अग्नी आणि आम्ल केवळ बाहेरच्या इलेक्ट्रॉनांशी व्यवहार करतात, आणि सोनेपण तर केंद्रकातील ७९ प्रोटॉनांत आहे. केंद्रक फोडता येते, परंतु त्यास प्रचंड यंत्रे लागतात. १९४१ मध्ये अमेरिकेत पाऱ्यावर न्यूट्रॉनांचा मारा करून सोने केले गेले. ते किरणोत्सारी होते, टिकणारे नव्हते. युरोपात जिनिव्हाजवळ सर्न या संस्थेच्या महायंत्रात २०१५ ते २०१८ या काळात शिशाची केंद्रके एकमेकांच्या अगदी जवळून नेताना काहींतून तीन प्रोटॉन निसटले. ८२ वजा ३ म्हणजे ७९. अशी सोन्याची सुमारे ८६०० कोटी केंद्रके झाली, असे २०२५ मध्ये जाहीर झाले. वजन किती? १ ग्रॅमचे एक लक्ष कोटी भाग केले, तर त्यांतील २९ भाग. तेही क्षणार्धात नाहीसे झाले. जगातील सर्वांत बलाढ्य यंत्राची ही मिळकत. मग झोळीतील पुडीवाल्याची किती असेल, याचा हिशेब घरोघरी करावा.

एका कारागिराच्या मुलाने हॉलमार्कच्या यंत्राविषयी विचारले आहे: न घासता, न वितळविता ते कस कसा सांगते? १६ जून २०२१ पासून प्रथम देशातील २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला, तेव्हापासून हा विषय आपल्या पेढ्यांत रोजचा आहे. यंत्र दागिन्यावर क्ष-किरण टाकते. त्या आघाताने अणूच्या आतल्या पायरीवरील इलेक्ट्रॉन उडतो, वरचा इलेक्ट्रॉन त्या रिकाम्या जागी उतरतो आणि उतरताना स्वतःचा क्ष-किरण सोडतो. सोन्याचा किरण वेगळा, तांब्याचा वेगळा, चांदीचा वेगळा. प्रत्येक मूलद्रव्याची ही सही मोस्ली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने १९१३ मध्ये वाचली. १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या रणांगणावर तो वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मारला गेला. युद्धाने जगाचे केलेले नुकसान मोजताना हे नाव आम्हांस नेहमी आठवते.

कसोटीवर ज्यांचा डोळा बसलेला आहे, अशा वृद्ध कारागिरांस हे यंत्र अपमान वाटते. त्यांचे दुःख आम्ही जाणतो. परंतु यंत्र कसे पाहते हे कळले, की ते कोठे पाहत नाही हेही कळते. ते केवळ वरचा पातळ थर वाचते. जाड पाणी दिलेला दागिना त्यास फसवू शकतो. म्हणून वाद पडल्यास अखेरचा निवाडा आजही अग्नीच करतो: नमुना शिशासह भट्टीत तापवून हीण काढावयाचे, राहिलेली चांदी तेजाबाने विरघळवावयाची आणि शुद्ध सोने तोलावयाचे. ही रीत आपणांस परकी नाही. मग कस तपासण्याच्या केंद्रात त्या यंत्रापुढे आपल्या ज्ञातीची शिकलेली मुले-मुली का बसू नयेत? शिष्यवृत्ती समितीने वह्या वाटण्याबरोबर या शिक्षणाचाही खर्च विचारात घ्यावा, अशी आमची सूचना आहे.

"सोन्याचा बॉम्ब होतो काय?" अशी एक चिठ्ठी आहे. नाही. त्यास युरेनियम २३५ सारखे, न्यूट्रॉन लागताच दुभंगणारे आणि पुढे नवे न्यूट्रॉन सोडणारे केंद्रक लागते. त्याच दुभंगण्यावर तारापूर येथे १९६९ पासून वीज होऊ लागली.

एका भगिनीने विचारले आहे की किरणोत्सर्ग दिलेल्या बियाण्याचा उडीद खाण्यास घातक काय. टीएयू-१ हा वाण तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने आपल्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठासह तयार केला आणि तो १९८५ मध्ये प्रसारित झाला. किरणांनी पूर्वी कधी तरी बीजाच्या अनुवंशात बदल घडविला, एवढेच. पुढील पिढ्यांच्या दाण्यात किरण नसतात. खुशाल पापड लाटावेत.

शेवटची चिठ्ठी: "आजीच्या बोरमाळेतील सोने मुळात कोठून आले?" पृथ्वीवर ते घडले नाही, सूर्यासही ते घडविणे शक्य नाही. १७ ऑगस्ट २०१७ रोजी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे अंतरावरील दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीचा कंप अमेरिकेतील लायगो आणि इटलीतील व्हर्गो या वेधशाळांनी टिपला. त्या टकरीच्या प्रकाशात जड मूलद्रव्ये घडत असल्याच्या खुणा सापडल्या. सोन्याचे हे एक मोठे उगमस्थान मानले जाते. बोरमाळेतील अणू आपल्या सूर्याहूनही जुने आहेत. निसर्गात आढळणारे सोने एकाच जातीचे, १९७ वजनाचे. ते किरण टाकीत झिजत नाही. मण्यांची झीज होते ती गळ्याशी आणि कापडाशी घासून.

असे कंप टिपणारी एक वेधशाळा आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ परिसरात उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असावयाच्या आहेत. नागनाथाच्या दर्शनास आपली कुटुंबे जातातच. त्या वाटेवर मुलांनी हे काम कोठे आहे याची चौकशी करावी.

ज्यांच्या चिठ्ठ्या राहिल्या, त्यांनी भोजनानंतर आम्हांस मंडपाच्या उजव्या बाजूस गाठावे. आम्ही सायंकाळच्या गाडीपर्यंत येथेच आहोत.