लेखणीचा जोडधंदा

पनवेलजवळच्या विचुंब्यातून नोकरीसाठी सीएसएमटी गाठायची, तर लोकलमध्येच तासाभराहून जास्त वेळ जातो. ऑनलाइन लेखनाच्या जोडकामात ही धावपळ नाही. मराठी टायपिंग आणि मुदत पाळायची सवय मात्र हवीच.

अनुवादाचे पैसे बहुधा शब्दांवर ठरतात. स्वतःचं पुस्तक असेल, तर ॲमेझॉनच्या किंडलवर २०१६ पासून मराठी ई-पुस्तक लेखकाला थेट प्रकाशित करता येतं. मानधन ३५ टक्के, काही अटी पाळल्यास ७०. ‘प्रतिलिपी’वर कथामालिका भागाभागांनी चालतात, तिथेही वाचकांच्या वर्गणीतून उत्पन्न मिळू शकतं.

खरी गोम हक्कांत आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखी करारानेच देता येतात. करारात मुदत नसेल, तर ते ५ वर्षांपुरते धरले जातात. प्रदेश लिहिला नसेल, तर फक्त भारतापुरते. आणि तरीही ‘सर्व हक्क, कायमचे’ या ओळीखाली न वाचता सही करणारे भेटतातच!

काम देण्याआधी कुणी ‘नोंदणी शुल्क’ मागितलं, तर सरळ फोन ठेवावा. पैसे गेलेच, तर सायबर फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर लगेच नोंदवता येते.